‘सर्व्हायव्हल’ला काय म्हणायचं? तगणं, तरणं की अतिजीवन?

बोरू: अमेरिकी लेखक जॅक लंडनची ‘टू बिल्ड अ फायर’ ही कथा मराठीत आणतोय. कॅनडातल्या युकॉनच्या बर्फात एकटा निघालेला माणूस, सोबत कुत्रा, पारा शून्याखाली ७५ अंश फॅरनहाइट. प्रस्तावनेत ‘सर्व्हायव्हल’साठी मी ‘तगणं’ लिहिलं. संपादकबाईंनी ते खोडून ‘अतिजीवन’ केलं आणि वर शेरा मारला, “तगतं ते रोप, माणूस नव्हे.” खरंच असं आहे का?

पायवाट: छे हो! आमची आजी आजारी माणसाबद्दल सर्रास म्हणायची, “एवढी रात्र तगला तर तगला.” ‘अतिजीवन’ वाचून मात्र वाचक पहिल्याच पानावर गारठेल.

उंबरठा: ‘तग’ हा ‘तगाई’तूनच आलाय. अडल्या शेतकऱ्याला तगवणारं कर्ज, ती तगाई.

काजळी: कान टोचावे लागतील. तगाई म्हणजे तकावी, मूळ अरबी. ‘तग’शी नुसतं ध्वनिसाम्य. आणि ‘अतिजीवन’ला एवढं हिणवू नका. इंग्रज विचारवंत स्पेन्सरचा १८६४चा ‘सर्व्हायव्हल ऑफ द फिटेस्ट’ लोक ‘बळी तो कान पिळी’ असा उतरवतात, त्यापेक्षा परिभाषा परवडली. तिथे मुद्दा परिस्थितीशी जुळण्याचा आहे, दांडगाईचा नाही.

उंबरठा: ध्वनिसाम्य म्हणे! बरं, राहिलं.

बोरू: माझी अडचण वेगळीच आहे. १९०२च्या पहिल्या रूपात माणूस वाचतो, १९०८च्या प्रसिद्ध रूपात गोठून मरतो. मी १९०८चं घेतलंय. त्यात तगतं ते कुत्रं.

पायवाट: मग ‘तगणं’च बसतं की! रोप काय, कुत्रं काय, बेत न आखता तगतात. माणसाला थंडीचा आकडा कळतो, अर्थ कळत नाही. ‘तरणं’ नको, त्यात कुणीतरी तारणारा डोकावतो.

काजळी: तोच न्याय विशेषणांनाही लावा. बोरू, तुमच्या मसुद्यात ‘निष्ठुर थंडी’ आहे का?

बोरू: आहे. ‘निसर्ग कोपला’ही आहे. 😬

काजळी: दोन्ही काढा. निष्ठुर व्हायला मन लागतं, कोपायला तर देवत्वच. फ्रेंच कादंबरीकार झोलाच्या वळणाचा निसर्गवाद म्हणजे निसर्गाची आरती नव्हे. परिस्थिती आणि देहधर्म माणसाला कुठे नेतात, ते बघत राहणं. कथेतल्या माणसाने स्प्रूसच्या झाडाखाली आग पेटवलीय, तो त्याच्या बुडाशी अडकलेल्या काटक्या ओढतोय, दर ओढीला झाड किंचित हलतंय आणि शेवटी फांदीवरचा बर्फ आगीवर कोसळतो. यात कोप कुठे आहे? ‘कडाक्याची थंडी’ लिहा, बिचारीच्या मनात काही नसतं.

उंबरठा: शीर्षकात ‘शेकोटी’ लिहू नका म्हणजे झालं. शेकोटीभोवती गप्पा होतात. ‘जाळ’ म्हणा.

पायवाट: जाळ म्हटलं की भडका दिसतो. ‘आगटी’?

उंबरठा: आगटी तरी कुठे वेगळी? तिच्याभोवतीही लोक हात शेकत बसतात. याचे हात इतके बधिर की ७० काड्या दोन तळव्यांत धरून एकदम ओढतो, कातडी जळल्याचा वास आल्यावर कळतं!

बोरू: ‘आग पेटवताना’ चालेल?

काजळी: ‘ताना’ने ती पेटेलच असं वाटतं.

पायवाट: बोरू, थुंकी जमिनीवर पडायच्या आत हवेतच गोठून आवाज करते, तिथे काय लिहिलंत? ‘कडकडली’ की ‘तडतडली’?

उंबरठा: तडतडते ती मोहरी.