मदत हवी आहे: रीमिक्सवरून रिॲक्ट राउटर ७ वर जाण्याबाबत
नागपूरच्या कळमना बाजारातील संत्र्याच्या अडत्यांसाठी आवक आणि हिशेबपट्टीची नोंद ठेवणारे आमचे ॲप रीमिक्स २ या वेब ॲप बांधण्याच्या फ्रेमवर्कवर उभे आहे. मात्र नोव्हेंबर २०२४ मध्ये रीमिक्स हे त्याच चमूच्या रिॲक्ट राउटर ७ या लायब्ररीत सामावले गेल्याने पुढे काय करावे, याबाबत मार्गदर्शन हवे आहे. असेच पूर्वी मर्ब आणि रेल्स ही रुबी भाषेतली दोन वेब फ्रेमवर्क एकत्र येणार हे डिसेंबर २००८ मध्ये जाहीर झाले, पण त्यातून घडलेले रेल्स ३ हाती यायला ऑगस्ट २०१० उजाडला. त्या मानाने हा बदल सौम्यच, इम्पोर्टची (कोडमध्ये आणलेल्या पॅकेजांची) नावे तर कोडमॉड, म्हणजे कोड आपोआप बदलणारी स्क्रिप्ट, बदलून देतो. खरी धास्ती आहे ती जेसन हेल्पर (उत्तर JSON रूपात पाठवणारे, नव्या आवृत्तीत काढून टाकलेले फंक्शन) वापरणाऱ्या जुन्या लोडरची, म्हणजे पानासाठी माहिती आणणाऱ्या फंक्शनची, आणि बाहेरच्या लहान पॅकेजांची. फ्यूचर फ्लॅग (पुढच्या आवृत्तीचे बदल आधीच लागू करणारे स्विच) एकेक करून चालू करत, ॲप बंद न ठेवता कोणी हे स्थलांतर केले आहे का, की आंबिया बहाराची आवक ओसरेपर्यंत थांबावे?