मदत हवी आहे: पोलो १.० टीएसआय, ८० हजारांत रीमॅप की टायर-सस्पेन्शन?

दुसरा_गिअर
गाडी: पोलो १.० टीएसआय मॅन्युअल, २०२१, रनिंग ५२,००० किमी. टायर पहिलेच, १९५/५५ आर१६, कडेवर तारखेचा आकडा १४२१. पुढच्या जोडीत ३ मिमी नक्षी शिल्लक, मागच्या जोडीत ५. शॉकअप, क्लच, ब्रेक पॅड मूळचेच. रोज पुण्यात ३० किमी, महिन्यातून दोनदा ताम्हिणी नाहीतर पसरणी.

तक्रार अशी की चढावरच्या हेअरपिनमधून बाहेर पडताना दुसऱ्या गिअरमध्ये रेस दिली की आतलं चाक जागेवर फिरतं आणि नाक बाहेरच्या बाजूला ओढलं जातं. दुसरं म्हणजे घाटात ट्रकला ओव्हरटेक करताना ताकद कमी पडते. ट्यूनर स्टेज १ रीमॅपमध्ये (सुटे भाग न बदलता इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून) १३५ पीएसच्या (इंजिनच्या ताकदीचं एकक) आसपास देतो म्हणतोय, ग्रुपवरचे लोक गाडी ३० मिमी खाली घ्या म्हणतायत. बजेट ८० हजार, एका वेळी एकच काम. आधी काय करू?

वळणाचा_हिशोब
आधी टायर. १४२१ म्हणजे २०२१ चा चौदावा आठवडा. नक्षी ३ मिमी दिसत असली तरी इतक्या वर्षांच्या उन्हाने रबर कडक होतं. अंगठ्याचं नख खांद्याच्या ठोकळ्यात रुतवून बघा, नव्या टायरमध्ये रुततं तसं रुतणार नाही.

चाक फिरतंय ते ताकद जास्त आहे म्हणून नाही, ग्रिप संपली म्हणून. पुढची चाकं वळवायचंही काम करतात आणि ओढायचंही, आणि दोन्ही खर्च एकाच खात्यातून जातात. वळणात गाडीचा भार बाहेरच्या चाकांवर जातो, आतलं चाक हलकं होतं, आणि साधा ओपन डिफरन्शियल (दोन्ही चाकांना सारखाच जोर वाटून देणारा गिअर) असल्याने ते हलकं चाक फिरू लागलं की बाहेरच्या चाकालाही तेवढाच कमी टॉर्क (फिरवणारा जोर) मिळतो. तिथे मूळच्या ११० चे १३५ पीएस केले तर आतलं चाक आणखी लवकर फिरेल. बस, एवढंच होईल.

आकड्यांत बघा. २० मीटर त्रिज्येच्या वळणावर ग्रिपचा गुणांक ०.९ असेल तर कमाल वेग ताशी ४८ किमीच्या जवळ येतो, ०.८ ला ४५, आणि पावसात ०.५ वर आला की ३६. या हिशोबात पीएस कुठेच येत नाहीत.

साइज १९५/५५ आर१६ ठेवा किंवा २०५/५५ आर१६ घ्या. दुसऱ्याचा व्यास १.८ टक्के मोठा, म्हणजे स्पीडोमीटर तेवढा कमी दाखवेल आणि गिअरिंग किंचित लांब होईल. पण या साइजमध्ये चांगल्या टायरची निवड बरीच जास्त मिळते. स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवून आतल्या लायनरला घासत नाही ना ते दुकानातच बघा, चार माणसं बसवून. १७ इंचाच्या नादी लागू नका. रिम जड, कड बारीक, आणि एक खड्डा चुकला की साइडवॉलला फुगा.

स्पॅनर_१३
टायरला +१. दोनच टायर घेणार असाल तर नवी जोडी मागे टाकायची, पुढे नाही. पावसात मागची चाकं आधी सुटली तर पुण्यातल्या बहुतेक चालकांच्या हाताबाहेरचं काम आहे.

सस्पेन्शनबद्दल: ३० मिमी खाली घेण्याआधी सध्याचे शॉकअप तपासा. पिस्टनच्या दांड्याजवळ तेलाचा ओला पट्टा आहे का? बंपर जोरात दाबून सोडल्यावर गाडी एकदा वर येऊन थांबते की डुलते? अर्थात न डुलणारा शॉकअपही आतून थकलेला असू शकतो, म्हणून रस्त्यावरची खूण जास्त भरवशाची: वळणाच्या मधोमध खड्डा आला की नाक अर्धा फूट बाजूला सरकतं.

मॅकफर्सन स्ट्रटची (पुढची स्प्रिंग आणि शॉकअप एकाच खांबात असलेली, पोलोसारखी) गाडी नुसत्या आखूड स्प्रिंगने खाली घेतली की लोअर आर्म (चाकाला खालून धरणारे दांडे) आडवे किंवा उलट उताराचे होतात. रोल सेंटर (ज्या बिंदूभोवती गाडी झुकते तो) गुरुत्वमध्यापेक्षा जास्त खाली जातं, त्यामुळे खाली घेतलेली गाडी दिसायला घट्ट, पण झुकायचा कल उलट वाढतो, तो फक्त कडक स्प्रिंगने दाबलेला असतो. शिवाय बंप स्टॉपला (प्रवासाच्या शेवटी असलेला रबरी ठोकळा) टेकण्याआधी प्रवास फारसा उरत नाही. बंप स्टॉपला टेकलेलं चाक म्हणजे अचानक दगड झालेली स्प्रिंग, आणि ग्रिप तिथेच जाते.

मूळ उंचीवर बिलस्टीन कंपनीचे बी४ किंवा बी६ शॉकअप टाका. बी६ मोनोट्यूब (एकाच नळीचा) आहे, शहरात थोडा कडक वाटेल. खाली घेणारच असाल तर बी८, कारण तो आखूड स्प्रिंगसाठीच आखूड केलेला आहे. बी६ वर आखूड स्प्रिंग घालून पैसे वाचवू नका.

काम करताना टॉप माउंट, त्याचं बेअरिंग, बंप स्टॉप आणि लिंक रॉड त्याच वेळी बदला, मजुरी एकदाच लागते. लोअर आर्मच्या बुशचा (सांध्यातलं रबर) बोल्ट मात्र गाडी लिफ्टवर टांगलेली असताना शेवटचा घट्ट करू देऊ नका. चाकं जमिनीवर आणि पूर्ण वजन आल्यावरच. नाहीतर बुश कायमचा पिळलेला राहतो आणि काही महिन्यांत फाटतो. 'एवढं काय होतंय' असं उत्तर आलं तर दुसरं गॅरेज शोधा. अँगल देऊन (ठरावीक टॉर्कनंतर आणखी काही अंश फिरवून) घट्ट करायचे बोल्ट पुन्हा वापरायचे नाहीत, नवे लावायचे. शेवटी अलाइनमेंट. मागे टॉर्शन बीम (दोन्ही चाकं जोडणारी एकच तुळई) असल्याने तिथे अॅडजस्टमेंट नाही, पुढचा टो (चाकांचा आत-बाहेर कल) दुरुस्त होतो.

बूस्ट_भाऊ
सगळे रीमॅपवर तुटून पडलेत, म्हणून थोडी दुसरी बाजू. ओव्हरटेकची तक्रार खरी आहे आणि टायरने ती जाणार नाही. या इंजिनात १७५ एनएम टॉर्क १७५० आरपीएमपासून मिळतो. पण त्याखाली काही नाही. बहुतेक वेळा दुखणं एवढंच असतं की तिसऱ्यात १५०० वर गाडी ओढत ट्रकच्या मागे बसलेलो असतो. दुसरा टाका, २५०० च्या वर ठेवा, मग बघा. हे फुकट आहे.

तरीही रीमॅप करायचंच ठरलं तर आधी क्लच तपासा. चढावर चौथ्यात, २००० आरपीएमला पूर्ण अॅक्सिलरेटर दाबा. आरपीएमचा काटा वर धावतोय आणि वेग तिथेच असेल तर क्लच घसरतोय, रीमॅप विसरा. गिअरबॉक्स एमक्यू२०० घराण्याचा आहे, नावाप्रमाणे २०० एनएमच्या घरातला. स्टेज १ टॉर्क त्याच्या पुढे नेतो. म्हणून ट्यूनरला पीएस विचारू नका, 'खालच्या आरपीएमला टॉर्क किती मर्यादित केलाय' ते विचारा. छोट्या डायरेक्ट इंजेक्शन टर्बोला २००० च्या खाली वरच्या गिअरमध्ये पूर्ण बूस्ट (टर्बोने दाबून भरलेली हवा) दिला तर मिश्रण वेळेआधी पेटू शकतं आणि पिस्टन फुटू शकतो. इंधन ९५ ऑक्टेन किंवा वर, नेहमी, एका टाकीपुरतं नव्हे. मोठा इंटरकूलर (टर्बोची तापलेली हवा थंड करणारा) समोर लावून देतो म्हणणाऱ्याला हात जोडा. या इंजिनात तो पाण्याने थंड होणारा, इनटेक मॅनिफोल्डमध्येच बसवलेला आहे.

दुसरा_गिअर
धन्यवाद सगळ्यांना. चौथ्यातली चाचणी केली, क्लच घसरत नाही. उजव्या पुढच्या शॉकअपवर तेलाचा पट्टा आहे. म्हणजे टायर आणि पुढचे शॉकअप एकत्र करू का? ब्रेकचं काय, रीमॅप नसेल तरी?

वळणाचा_हिशोब
हो, एकत्रच, म्हणजे अलाइनमेंट एकदाच होईल. शॉकअप एक नाही, जोडीच बदला.

ब्रेक मात्र आत्ताच. माणसांसकट १,२०० किलोची गाडी उतारावर ८० वरून ३० वर आणताना ब्रेकमध्ये सुमारे २५५ किलोज्यूल उष्णता जाते. तीच ९० वरून आणली तर ३३३. दोन वळणांमध्ये फक्त १० चा वेग वाढला, उष्णता ३० टक्क्यांनी. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. डॉट ४ (ब्रेक ऑइलचा नेहमीचा दर्जा) कोरडं असताना किमान २३० अंशांना उकळतं, ओल धरलेलं १५५ ला. पेडल मऊ होऊन खाली जातं ते यामुळे. दर दोन वर्षांनी पूर्ण बदला, नुसतं डब्यात टॉप-अप नको. लिटरभर पुरतं. डॉट ५.१ चालेल, त्याची मर्यादा २६० आणि १८०. डॉट ५ मात्र सिलिकॉनचं आहे, ते इथे चालत नाही, म्हणून नावातल्या पॉइंटवर लक्ष ठेवा.

हवा इंधनाच्या झाकणाच्या आत लिहिलेलीच ठेवा, सकाळी थंड टायरला, स्वतःच्या गेजने. तापलेल्या टायरला पंपावर भरली की टायर थंड झाल्यावर कमी झालेली असते.

स्पॅनर_१३
मागे जाड अँटी-रोल बार (गाडीचं झुकणं रोखणारी दांडी) सुचवणारा कोणी ना कोणी येईलच. नाक बाहेर जाणं त्याने कमी होतं हे खरं. पण ओल्या उतारावर वळणात घाबरून पाय उचललात तर मागची बाजू सुटते. नव्या टायरवर दोन महिने चालवा, मग ठरवा. आणि पुढेमागे रीमॅप केलात तर विमा कंपनीला लेखी कळवा.