ट्रक विकला नाही, त्याचाही दोष मेंदूचाच?

डिचोलीकर :
काल 'पर्वरीचा वाचक' यांनी इथे जे लिहिलं, ते वाचून डोकं फिरलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी बंद पडल्यावर आमच्या पट्ट्यातल्या ट्रकमालकांनी गाड्या विकून मोकळं व्हायला हवं होतं. पण मेंदूला फायद्यापेक्षा तोटा दुप्पट बोचतो, म्हणून सगळे भीतीपोटी गाड्या दारात उभ्या करून बसले. आणि हे म्हणे मेंदूच्या स्कॅनवर 'सिद्ध' झालंय.

साहेब, 2012 मध्ये तुम्ही कुठे होता? सप्टेंबरात राज्य सरकारने खाणी थांबवल्या, ऑक्टोबरात सुप्रीम कोर्टाने. साखळी, पाळी, उसगाव, सांगे, कुडचडे, सगळीकडच्या गाड्या एकाच वेळी उभ्या. विकायची कोणाला, शेजाऱ्याला? त्याच्याही दारात तीच रड. दलाल यायचा, टायर बघायचा आणि भंगाराचा भाव सांगायचा. त्या पैशात कर्ज फिटत नव्हतं. म्हणजे गाडी जाणार आणि हप्ता राहणार. म्हणून ठेवली. याला साधा हिशेब म्हणतात.

वर 2014 मध्ये कोर्टाने वर्षाला 2 कोटी टनांची मर्यादा घालून बंदी उठवली. म्हणजे थांबलेले अगदीच खुळे नव्हते. 2018 मध्ये खाणींची 88 लीज (भाडेपट्टे) रद्द होऊन पुन्हा सगळं ठप्प होणार, हे कोणाच्या मेंदूला आधी कळणार होतं? आमकां शिकोवपाक येवं नाकात.

पर्वरीचा वाचक :
राग समजू शकतो, पण 'दुप्पट' हे माझ्या घरचं नाही. कानमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी 1979 मध्ये सिद्धांत मांडला, 1992 मध्ये आकडा काढला 2.25. मेंदूचं म्हणाल तर 2007 मध्ये 'सायन्स'मध्ये 16 जणांवरचा प्रयोग आला. निम्मी शक्यता जिंकण्याची, निम्मी हरण्याची, अशी पैज लावायची की नाही ते स्कॅनरमध्ये पडून ठरवायचं. संभाव्य फायदा वाढला की स्ट्रायटममधली (बक्षिसाला दाद देणारा मेंदूचा भाग) हालचाल वाढायची, तोटा वाढला की घटायची, आणि घट जास्त तीव्र. ज्याची घट जास्त, तो माणूसही पैजेला जास्त कचरायचा. 2010 मध्ये तर अमिग्डलाला (मेंदूतला भीतीशी जोडला जाणारा भाग) इजा झालेल्या दोन बायका अभ्यासल्या; त्यांच्यात तोट्याचा हा धसकाच दिसला नाही. ही नुसती रंगीत चित्रं नव्हेत.

आणि 'पुढच्या हंगामात खाणी सुरू' या घोषणांवर माणसं का टांगून राहतात? मेंदूशास्त्रज्ञ शुल्ट्झ यांचे माकडांवरचे प्रयोग वाचा. ठरलेल्या वेळी मिळणाऱ्या रसाला डोपामिन (बक्षिसाशी जोडलेलं मेंदूतलं रसायन) सोडणाऱ्या पेशी दाद देत नाहीत, अनपेक्षित मिळाला की उसळतात. अनपेक्षित घोषणेचंही तसंच.

डिचोलीकर :
म्हणजे घोषणा करणारा सुटला आणि ऐकणाऱ्याचं डोपामिन दोषी? वा! निवडणुकीला उभे राहा, आमच्या मतदारसंघात जागा आहे.

फोंड्याचे सर :
वाचकबाब, तुमच्याच 2007 च्या अभ्यासात तोटा वाढला म्हणून जास्त पेटलेला एकही भाग सापडला नव्हता, अमिग्डलासुद्धा नाही. मग 'भीतीपोटी' हा शब्द आणलात कुठून? मेंदूचा अमुक भाग हलला म्हणजे अमुक भावना, ही उलटी उडी आहे. पोल्ड्रॅक यांनी 2006 मध्येच त्यावर टोकलं होतं, आणि ते त्याच 2007 च्या अभ्यासाच्या लेखकांपैकी आहेत.

शिवाय 2009 मध्ये बेनेट आणि मंडळींनी मेलेला सामन मासा स्कॅनरमध्ये ठेवून माणसांचे फोटो दाखवले. आकडेवारीत योग्य दुरुस्ती केली नाही तर त्या मेल्या माशाच्या मेंदूतही 'हालचाल' दिसते. 2020 मध्ये 108 जणांच्या पैजेच्या स्कॅनचा एकच डेटा 70 गटांना दिला, प्रश्न 9. दोन गटांची पद्धतसुद्धा जुळली नाही, काही प्रश्नांवर उत्तरं पार फाटली. हल्ली आमच्या कॉलेजात प्रत्येक सेमिनारच्या मथळ्यात 'न्यूरो' हवं. मुलांना मागणीचा वक्र काढता येत नाही, पण इन्सुला कुठे असतो ते तोंडपाठ!

कुडचड्याची सून :
मी यात पडणार नव्हते. पण 'साधा हिशेब' वाचून हसू आलं. आमच्याकडे ट्रकला कोणी हात लावला नाही, माझ्या पाटल्या मात्र आधी गहाण पडल्या आणि मग गेल्याच. सोनं चढ्या भावाचं, ट्रक पडत्या भावाचा, म्हणून सोनं आधी काढलं असंही नव्हे. त्या गाडीवर सासऱ्यांनी कुलदेवतेचं नाव रंगवलं होतं, वाड्यावर तिच्यामुळे मान होता. गाडी विकली तर लोक काय म्हणतील, एवढाच विचार झाला. पाटल्या कोणाला दिसत नाहीत. डिचोलीकरभाऊ, तुमच्या घरातल्या बाईला विचारून मग हिशेब लिहा.

पर्वरीचा वाचक :
धन्यवाद ताई. बाजार नव्हता हे डिचोलीकरांचं मान्य करतो. आता पाटल्यांचा हिशेब ते कसा लावतात बघू.

डिचोलीकर :
घ्या, मान्य केलं! पेढे वाटतो. ताईंच्या घरचं ताईंना ठाऊक. पण त्या सांगताहेत ती अब्रूची गोष्ट आहे, अमिग्डलाची नव्हे.

मांडवीकाठ :
तुम्ही लोक ट्रक घेऊन बसलाय. मेंदू आणि पैसा हा विषय गोव्यात बोलायचा तर पणजीच्या धक्क्यावर, कसिनोच्या बोटींपाशी या.

माझ्या मामाला पार्किन्सन. आयुष्यात पत्त्यांना न शिवलेला माणूस. गोळ्या सुरू झाल्या आणि काही महिन्यांत मटका, लॉटरीची तिकिटं, चोरून बँकेतून पैसे. आम्ही त्याला काय काय बोललो! न्यूरोलॉजिस्टने ऐकताक्षणी विचारलं, प्रामिपेक्सोल चालू आहे ना? डोपामिनची नक्कल करणाऱ्या या औषधांचा हा माहीत असलेला परिणाम आहे. डॉक्टरांनी ते हळूहळू कमी केलं (स्वतः बंद करू नका कोणी), तसा मटका सुटला. आता सर, ही उलटी उडी का?

आणि स्लॉट मशीन! 2009 च्या 'न्यूरॉन'मधला क्लार्क यांचा प्रयोग बघा. दोन चाकांवरची चित्रं जुळता जुळता दुसरं चाक एक घर चुकलं, म्हणजे हरलाच. तरी मेंदूत जिंकण्याला पेटणारे भाग पेटतात. हरलेल्याला ते आवडत नाही, पण आणखी खेळावंसं वाटतं. असं यंत्र आमच्याच नदीत बांधून ठेवलंय.

फोंड्याचे सर :
औषधाचं मान्य. तिथे औषध दिलं, वागणं बदललं, काढलं, पूर्ववत झालं. त्याला पुरावा म्हणतात. स्कॅन बघून गोष्ट रचणं निराळं. मामांना बरं वाटो.

बेतीचा डीलर :
गोंयकारांना 1 फेब्रुवारी 2020 पासून कसिनोत खेळायला बंदी आहे. मग रड कसली? मी त्याच बोटीवर काम करून घर चालवतो. खाणी गेल्या तेव्हा माझ्या भावालाही इथेच नोकरी मिळाली, मेंदूवाल्यांनी दिली नाही.

मांडवीकाठ :
गोंयकाराला जे विष, ते बेळगावच्या पोराला चालतं? त्याच्या मेंदूत स्ट्रायटम नाही?

बेतीचा डीलर :
त्याला कोणी हात धरून आणत नाही. जत्रेत पहाटेपर्यंत जुगाराची टेबलं चालतात तेव्हा तुमचा स्ट्रायटम झोपलेला असतो का? तिथे देवाच्या नावावर सगळं चालतं.

डिचोलीकर :
जत्रेला मध्ये आणू नका.

बेतीचा डीलर :
का? यंदाच्या जत्रेत टेबलाशी तुम्हीच तर होता उभे. मी शेजारीच होतो.

डिचोलीकर :
बघत होतो. खेळत नव्हतो.

कुडचड्याची सून :
आमचे हेसुद्धा हेच सांगतात.