अपहार सिद्ध झाला, नोकरी गेली. ग्रॅच्युइटीही जावी का?

मस्टररोल: तिकिटाच्या पैशांचा अपहार केला म्हणून एसटीचे काही वाहक बडतर्फ झाले, वर ग्रॅच्युइटीही (नोकरी संपताना सेवेच्या वर्षांनुसार मिळणारी एकरकमी रक्कम) जप्त झाली. फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रक्कम किरकोळ असल्याचं पाहून जप्ती २५ टक्क्यांवर आणली. त्याच निकालात वेस्टर्न कोलफील्ड्स या कोळसा कंपनीच्या एका कर्मचाऱ्याची मात्र पूर्ण गेली; जन्मतारखेचा खोटा दाखला देऊन त्याने नोकरीच मिळवली होती.

माझ्या मते २५ टक्केसुद्धा जास्त आहेत. मूळ वेतन अधिक महागाई भत्ता २६,००० आणि सेवा २० वर्षं धरा. महिन्याचं वेतन गुणिले १५ भागिले २६ गुणिले वर्षं, या सूत्राने ३ लाख होतात, त्यातले ७५,००० गेले. कशापायी, तर शे-पाचशेच्या तिकिटांपायी. ग्रॅच्युइटी ही झालेल्या कामाची कमाई आहे, मालकाची मेहेरबानी नव्हे.

कलमबहाद्दर: कमाई आहेच, पण बिनशर्त नाही. १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्याचं कलम ४(६) वाचा (नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे). त्यात दोन वेगळ्या वाटा आहेत. मालमत्तेचं नुकसान केलं असेल तर नुकसानीएवढीच रक्कम कापता येते: ४०,००० चं नुकसान, तर ४०,००० च. दंगा, हिंसा किंवा नोकरीच्या ओघात नैतिक अधःपतनाचा (फसवणूक, अपहारासारखा) गुन्हा असेल तर अंशतः किंवा पूर्ण. वाहकाचं कामच लोकांचे पैसे हाताळणं आहे, मग त्यातली अफरातफर दुसऱ्या वाटेने गेली तर नवल काय? शिवाय निवृत्तीला सहा महिने उरलेल्याला बडतर्फीचा धाक कितीसा राहणार?

मस्टररोल: धाक मान्य, पण दोषी ठरवणार कोण? युनियन बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्याच २०१८ च्या निकालाने फौजदारी न्यायालयात दोष सिद्ध व्हायला हवा असं म्हटलं होतं. २०२५ मध्ये ती अट गेली, खात्यांतर्गत चौकशी पुरेशी ठरली. म्हणजे आरोप ठेवणार मालक, चौकशी अधिकारी नेमणार मालक, आणि कापलेले पैसे राहणार मालकाकडेच! पोलिसांत साधी तक्रारही न करता कुणाच्या कपाळावर ‘गुन्हा’ चिकटवायचा, हे मला पटत नाही.

कलमबहाद्दर: कायद्यात शब्द ‘गुन्हा ठरेल असं कृत्य’ असे आहेत, ‘शिक्षा झालेला’ असे नाहीत. खटल्याची वाट पाहायची तर दहा वर्षं बसा. आणि मालकाचा शब्द शेवटचा नसतोच. १९७२ च्या कायद्याखाली नियंत्रक प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे ग्रॅच्युइटीचे वाद ऐकणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे, नमुना ‘एन’ मध्ये अर्ज करता येत असे, साधारण ९० दिवसांत. निकाल विरुद्ध गेला आणि मालकाला अपील करायचं असेल तर आधी रक्कम भरावी लागते.

टाचणी: तुम्ही दोघे तत्त्वावर भांडताय, प्रकरणं पडतात ती कागदावर. बडतर्फीच्या आदेशातच शेवटी ‘ग्रॅच्युइटी जप्त’ अशी एक ओळ घुसडून देतात. वेगळी कारणे दाखवा नोटीस नाही, किती टक्के आणि का, याचा खुलासा नाही. निष्काळजीपणाचं प्रकरण ‘अधःपतन’ म्हणून रंगवतात, कारण पहिल्या वाटेत नुकसानीचा आकडा सिद्ध करावा लागतो. सगळ्यात मोठी चूक राजीनाम्याची. ‘बोभाटा नको’ म्हणून राजीनामा घ्यायचा, मंजूर करायचा आणि मग पैसे अडवायचे. त्या कृत्यासाठी सेवा संपवलेली नसेल तर ४(६) लागूच होत नाही. वर उशिराचं व्याज भरावं लागतं ते वेगळंच.

मस्टररोल: हे बरोबर. पण नोटीस आणि खुलासा नीट दिला तरी टक्का कशावरून ठरवायचा? २५ चा आकडा कायद्यात कुठेच नाही.

टाचणी: नाही, आणि सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्येही ‘अंशतः किंवा पूर्ण’ एवढंच आहे. अपहाराची रक्कम, आधीच्या शिक्षा, सेवेची वर्षं आणि हुद्दा आदेशात मांडायला लावा. अपहाराच्या दहापट अशी वरची मर्यादा घालता येईल.

कलमबहाद्दर: दहापट नको. सापडलेली तिकिटं तेवढीच असतात, न सापडलेली कोण मोजणार?

मस्टररोल: न सापडलेल्याची शिक्षा द्यायची असेल तर चौकशी हवी कशाला?