प्रति: पैसे देऊन पुस्तक काढावे का?
प्रकाशकाने पैसे मागितले तरी पुस्तक निघणे महत्त्वाचे, हे वरचे मत मला पटत नाही. संपादन, मुद्रितशोधन, छपाई आणि वितरण यांचा खर्च स्वतः उचलून लेखकाला मानधन देतो तो प्रकाशक. हा खर्च लेखकाकडूनच वसूल करणारा केवळ सेवा विकत असतो, आणि पुस्तक खपले नाही तरी त्याचे काही बिघडत नाही. पैसे आपलेच घालायचे असतील, तर मागणीनुसार छपाई, म्हणजे मागणी येईल तेवढ्याच प्रती छापणे, बरी. निदान गठ्ठे खाटेखाली पडून राहत नाहीत. ई-पुस्तक ॲमेझॉनच्या 'केडीपी सिलेक्ट' या स्वयंप्रकाशित ई-पुस्तकांच्या ऐच्छिक योजनेत नोंदवल्यास मात्र त्याची डिजिटल आवृत्ती ९० दिवस अन्यत्र विकता येत नाही. करार कोणताही असो, स्वामित्वहक्क कायमचा लिहून घेतला आहे की ठरावीक मुदतीचा परवाना, हे कलम मी सर्वप्रथम वाचतो.