प्रतिसाद: निंबोळी तेलाचं नॅनो इमल्शन
निंबोळी तेल मिक्सरमध्ये फिरवून नॅनो इमल्शन (पाण्यात तेलाचे अतिसूक्ष्म थेंब असलेलं मिश्रण) होतं का, असं विचारलंय. नाही होत. मिक्सरमध्ये थेंब मायक्रॉनमध्येच (1 मायक्रॉन म्हणजे 1000 नॅनोमीटर) राहतात. 200 नॅनोमीटरखाली जायला सहसा अल्ट्रासोनिकेटर (ध्वनिलहरींनी थेंब फोडणारं यंत्र) लागतो. 1 भाग तेल, 2-3 भाग ट्वीन 80 (तेल-पाणी एकत्र धरणारा पदार्थ) आधी एकजीव करा, मग ढवळत थेंबथेंब पाणी. मग सोनिकेशन, म्हणजे ते अल्ट्रासोनिकेटरखाली धरणं. त्या वेळी भांडं बर्फात हवंच, उष्णतेनं अझाडिरॅक्टिन (निंबोळीतला कीडनाशक घटक) मोडतं. दुधासारखं पांढरं दिसलं तर थेंब मोठेच राहिलेत. निळसर, अर्धपारदर्शक झाक यायला हवी.

नागपूरच्या संत्राबागांत कोळशीवर (काळ्या माशीच्या चिकट द्रावावर वाढणारी काळी बुरशी) फवारताना आधी विहिरीच्या पाण्याचा सामू (pH) मोजा, ही पायरी कृपया गाळू नका! 8 च्या वर असेल तर अझाडिरॅक्टिन टाकीतच विघटित होऊ लागतं. सायट्रिक आम्लानं सामू 6 च्या आसपास आणा आणि संध्याकाळी, पानांच्या खालून फवारा.