पायथॉनला आणखी एक पॅकेज मॅनेजर कशाला?

जुनी_वही
परवा इथे एकाने लिहिलं होतं: "आहेत त्यातला एकही पॅकेज मॅनेजर मला पटत नाही, म्हणून पायथॉनसाठी नवा लिहायला घेतलाय. नाव सुचवा." खाली धडाधड नावं आली. 'कशाला?' एवढं एकानेही विचारलं नाही. म्हणून हा वेगळा धागा.

मी ईझी-इन्स्टॉल या जुन्या साधनाच्या काळातला माणूस. त्याला पॅकेज (दुसऱ्याने लिहिलेला तयार कोड) बसवता यायचं, काढता यायचं नाही. २००८ मध्ये पिप आला, वाटलं सुटलो. मग २०१२ ला कोंडा, २०१७ ला पिपेन्व्ह, २०१८ ला पोएट्री, मधे पीडीएम आणि हॅच, २०२४ ला यूव्ही. दर वेळी तेच: आता हे शेवटचं. माझ्या गळ्यात पडलेल्या एका रेपोत (प्रोजेक्टच्या कोडच्या साठ्यात) सेटअप डॉट पीवाय, रिक्वायरमेंट्स डॉट टेक्स्ट, पिपफाइल आणि पायप्रोजेक्ट डॉट टॉमल असं, काय बसवायचं ते लिहायच्या फाइल्सच्या चार पिढ्यांचं एकत्र कुटुंब नांदतंय. एकाच लायब्ररीची तीन वेगळी व्हर्जन लिहिलेली. त्यातलं खरं कुठलं, हे विचारावं तर लिहिणारे सगळे नोकरी सोडून गेलेले.

हौस असेल तर पिपचे बग निस्तरा. तिथे माणसं हवीच आहेत.

हिरवी_टिक
यूव्ही यायच्या आदल्या दिवशीही तुम्ही हेच लिहिलं असतंत. आमच्या बिल्डमध्ये (कोड आपोआप जुळवून तपासताना) पॅकेजेस बसायला साडेचार मिनिटं लागायची. यूव्ही लावल्यावर पंधरा सेकंदांच्या आत. 'पिपचे बग निस्तरा' या वाटेने हे कधी झालं असतं? पिप स्वतः पायथॉनमध्ये लिहिलेला आहे, यूव्ही रस्ट या दुसऱ्या भाषेत. बाहेरच्यानेच येऊन दार तोडायला हवं होतं.

जावास्क्रिप्टवाल्यांचंही तेच. त्यांच्या एनपीएम या मॅनेजरमध्ये व्हर्जन गोठवणारं श्रिंकरॅप होतं, पण आठवणीने हाताने चालवावं लागायचं, त्यामुळे कोणी चालवायचं नाही. २०१६ मध्ये यार्न हा दुसरा मॅनेजर आपली लॉकफाइल (नेमकी कुठली व्हर्जन बसवायची ते नोंदवणारी फाइल) घेऊन आला आणि वर्षभरात एनपीएमलाही पॅकेज-लॉक ही तशीच फाइल सुचली. डोक्यावर कोणी बसल्याशिवाय हलत नाहीत हो.

जुनी_वही
रस्टलाच बघा की मग. एकच मॅनेजर, कार्गो. कोणी भांडत नाही.

हिरवी_टिक
रस्टचं १.० २०१५ मध्ये आलं तेव्हा कार्गो सोबतच होता. पायथॉन १९९१ चा, आणि पॅकेज बनवायचं-बसवायचं डिस्टयुटिल्स त्यात आलं २००० मध्ये. नऊ वर्षं प्रत्येकाने आपापली चूल मांडली होती. शिवाय पायथॉनच्या पॅकेजमध्ये सी, फोरट्रान अशा दुसऱ्या भाषांतला कोडही असतो. तुलना जरा जपून.

शून्यापासून_मोजतो
तुम्ही दोघंही भलत्याच गोष्टीवर भांडताय. खरा रोग लायब्ररीवाल्यांनी घातलेल्या वरच्या मर्यादा, म्हणजे 'अमुक व्हर्जनच्या पुढचं नको'. पोएट्रीने सवय लावली: पॅकेज ॲड कर म्हटलं की ती आपणहून '२ पेक्षा कमी' लिहून मोकळी. एका लायब्ररीला अमुक गोष्ट २ च्या खाली हवी, दुसरीला २ च्या वर. पायथॉनच्या एका एन्व्हायर्नमेंटमध्ये (पॅकेजेस बसवायच्या जागेत) एकाच गोष्टीची दोन व्हर्जन राहत नाहीत. झालं, अडकलात. आता आणा कुठलाही मॅनेजर.

दशांश_चिन्ह
वरच्या मर्यादेला नावं ठेवणाऱ्यांनी जून २०२४ आठवावा. न्यूमपाय या आकडेमोडीच्या लायब्ररीचं २.० रविवारी आलं. सोमवारी सकाळी आमचे सगळे बिल्ड लाल. आमच्या कोडमध्ये एक अक्षर बदललेलं नव्हतं. 'न्यूमपाय १ वर कंपाइल केलेलं मॉड्यूल २.० वर चालणार नाही', असा एरर आणि खाली तो कुठून आला ते सांगणारा दोन पानी ट्रेसबॅक. दुपारपर्यंत कळलं की एक जुनी, वाली नसलेली लायब्ररी आहे, तिच्यात नुसतं '१.१७ किंवा वर' लिहिलंय. तिथे '२ च्या खाली' असतं तर माझा सोमवार वाचला असता. ते मी स्वतःच्या हाताने लिहिलं आणि मगच जेवलो.

शून्यापासून_मोजतो
म्हणजे लॉकफाइल नव्हती तुमच्याकडे. ॲप्लिकेशन लॉक करायचं, लायब्ररी मोकळी ठेवायची, हे पहिल्या इयत्तेतलं. स्वतःच्या ढिसाळपणाचं खापर दुसऱ्याच्या मेटाडेटावर (पॅकेजला काय हवं त्या नोंदीवर) कशाला?

दशांश_चिन्ह
अक्कल काढायची गरज नव्हती. तो प्रोजेक्ट माझ्याकडे येऊन आठवडा झाला होता. आणि प्रत्येक जण लॉक करतो असं धरून चालणारी व्यवस्था ही व्यवस्था नव्हे, आशा आहे.

शून्यापासून_मोजतो
बरं, शब्द मागे घेतो. मुद्दा नाही. समजा त्या लायब्ररीवाल्याला जाग आली आणि त्याने नव्या रिलीजमध्ये मर्यादा घातली. पायपीआयवर (पॅकेजेसच्या सार्वजनिक कोठारावर) चढलेल्या जुन्या फाइल्सचा मेटाडेटा बदलता येत नाही, फार तर तो रिलीज यँक करता येतो, म्हणजे 'हा घेऊ नका' अशी खूण करता येते. मग रिझॉल्व्हर, म्हणजे सगळ्यांना जुळतील अशी व्हर्जन शोधणारा भाग, काय करतो? तुम्हाला न्यूमपाय २ हवंय, नवा रिलीज नको म्हणतो, म्हणून तो मागे सरकत सरकत त्याच लायब्ररीचा असा जुना रिलीज शोधतो ज्यात मर्यादाच नव्हती. आणि तो बसवून देतो, हसत हसत. म्हणजे तुमच्या पदरात त्याहून जुनं, त्याहून मोडकं. हे मी दोन दिवस घालवून शिकलोय, वाचून नाही.

दशांश_चिन्ह
…हे खरं आहे. आमच्याकडे एकदा एक लायब्ररी अचानक तीन वर्षं मागे गेली होती, ती का, हे आज कळलं. तरी सुरुवातीपासून मर्यादा घातली असती तर ही वेळच आली नसती.

शून्यापासून_मोजतो
सुरुवातीला कोणाला माहीत असतं २.० मध्ये काय मोडणार आहे ते?

दशांश_चिन्ह
मोडणार आहे एवढं माहीत असतं. पुरे आहे तेवढं.

उंबरठा
मध्येच बोलतो, क्षमस्व. नवीन लिनक्सवर पिप इन्स्टॉल म्हटलं की 'एक्सटर्नली मॅनेज्ड' (इथली पॅकेजेस दुसरं कोणी सांभाळतं) म्हणून हाकलतो, आणि वर सुचवतो काय, तर 'ब्रेक-सिस्टम-पॅकेजेस', म्हणजे 'सिस्टमची पॅकेजेस मोडा', नावाचा फ्लॅग! ज्याने हे नाव ठेवलं त्याला माझा नमस्कार.

हिरवी_टिक
नाव भीती वाटावी म्हणूनच तसं आहे. व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (प्रोजेक्टपुरती वेगळी जागा) करा आणि विषय सोडा.

नवा_खिळा
ज्याच्या पोस्टवर हे सगळं चाललंय तो मीच. थोडं माझंही ऐका. वेगाचा दावा नाही. मला फक्त वाचता येईल असा एरर हवाय: कोणाला काय हवंय आणि भांडण नेमकं कुठल्या दोघांत, एवढं दोन ओळींत. रिझॉल्व्हर अजून लिहिलेला नाही, सध्या आतून पिपलाच बोलावतो. लॉकफाइल मात्र माझी स्वतःची आहे, बाकीच्यांच्या फार किचकट.

जुनी_वही
आतून पिपच! धन्य आहे.

एररचं मान्य. 'कॉन्फ्लिक्ट' म्हणून पिप जे भेंडोळं तोंडावर फेकतो ते मीही कधी पूर्ण वाचलेलं नाही. लिहा ते. पण लॉकफाइल स्वतःची? सगळ्यांची मिळून एक फाइल असावी म्हणून माणसांनी वर्षानुवर्षं डोकेफोड केली, २०२५ मध्ये कुठे पेप ७५१ हा पायथॉनचा प्रस्ताव मंजूर होऊन पायलॉक डॉट टॉमल ठरलं, आणि तुम्ही पाचवी पिढी माझ्या रेपोत आणून बसवणार. प्रोग्राम शंभर लिहा. फाइल नवी काढू नका. यूव्ही मी वापरतो (हो, वापरतो, हसा) तो एवढ्यासाठीच की माझी जुनी रिक्वायरमेंट्स त्याने निमूट वाचली.

हिरवी_टिक
हसलो. पण यूव्हीचीही स्वतःची यूव्ही डॉट लॉक आहेच की.

जुनी_वही
आहे. आणि ती मला आवडत नाही. निदान पायलॉकमध्ये एक्सपोर्ट करून देतो.

नवा_खिळा
ठीक आहे, माझी लॉकफाइल काढून टाकतो, पायलॉकच लिहितो. पण दोन दिवस झाले, नावाचं कोणीच बोलत नाहीये.

शून्यापासून_मोजतो
नाव नंतर. आधी सांगा, ॲड केल्यावर वरची मर्यादा घालणार की नाही?